पाण्याच्या रिंगा

माझ्या गाडीला पेट्रोलचा वास येतोय हे आधी ओमांना कळलं, मग त्यांच्या पत्त्यांच्या मंडळींना, मग माझ्या माजी बायकोला आणि सगळ्यांत शेवटी मला. मी दक्षिण ऑस्ट्रेलियात, लॉक्सटनमध्ये, ठिबक आणि पंपांच्या दुकानात काउंटरवर असतो. तीस वर्षं रबर, पाइप चिकटवायचं सोल्युशन आणि शेतकऱ्यांचे बूट यांचा वास घेतल्यावर नाक फक्त चष्मा टेकवायला उरतं.

ओमा म्हणजे जर्मनमध्ये आजी; आमच्या ओमा म्हणजे विल्मा झर्ना, माझी सासू. माजी सासू म्हणायला हवं, पण रॉझलिननं मला सोडलं तेव्हा तिच्या आईनं काही मला सोडलं नाही. "नवराबायकोचं तुमचं तुम्ही बघा," त्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "माझा गुरुवार बुडता कामा नये." दर गुरुवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये युकर या पत्त्यांच्या खेळाचे डाव होतात. ओमांना तिथं न्यायचं आणि परत आणायचं काम माझ्याकडं आहे, ते माझ्या स्वभावामुळं नाही, तर माझ्या स्टेशन वॅगनच्या सीटमुळं. गाडी बावीस वर्षांची, एके काळी निळी होती, पण तिची सीट बरोब्बर ओमांच्या कमरेला येते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना नीट वाकताही येत नाही आणि चढताही येत नाही. रॉझलिनच्या नव्या नवऱ्याची गाडी चकचकीत आहे, पण इतकी बुटकी की ओमा म्हणतात, "त्यात बसवायचं तर मला आधी कमरेपर्यंत पुरावं लागेल."

तर एका गुरुवारी परत येताना ओमा म्हणाल्या, "लाइल, तू पेट्रोल प्यायला लागलास का?"

"नाही, ओमा."

"मग गाडी सांडतेय. पत्ते खेळताना हिल्डा मला विचारत होती, तुम्ही कपडे पेट्रोलमध्ये धुता का म्हणून."

"जुन्या गाड्यांना थोडा वास असतोच."

"जुनी मीही आहे. मला येतो का?"

मी रेडिओ लावला.

संध्याकाळी रॉझलिनचा फोन आला. "आई त्या गाडीत पुन्हा बसणार नाही. वाटेत तिला गुंगी आली म्हणे."

"गुंगी कसली. झोप लागली होती. घोरत होत्या."

"लाइल, खाली इंजिन तापलेलं आणि वर पेट्रोल गळतंय. काय होईल ते कळतंय ना? गॅरेजमध्ये टाक."

"गॅरेज कशाला? मी बघतो."

या 'मी बघतो'नं आमच्याकडं बरंच काही पाडलं होतं. आधी मागचं दार, मग न्हाणीघराचं छत, आणि मग संसार.

"शनिवारी स्टेलिओसला पाठवते," ती म्हणाली.

"मदतीला?"

"लक्ष ठेवायला."

स्टेलिओस म्हणजे तो नवा नवरा. ॲडलेडमध्ये दातांचा डॉक्टर होता, साठीच्या आतच दवाखाना बंद करून इकडं नदीकाठी राहायला आला. उंच, पांढरेशुभ्र केस, हाफ पँटलासुद्धा इस्त्री. त्याच्यात खोट शोधायला मी फार मेहनत घेतली होती. हाताला एवढंच लागलं होतं की हा माणूस कुठल्या कामाला हात लावत नाही. क्लबच्या मैदानाची साफसफाई असली की हा बोट दाखवून सांगणार, तिकडं थोडं राहिलंय. मांस भाजायला उभा केला की चिमटा लगेच दुसऱ्याच्या हातात. चहाचा कप कोणी पुढं केला तर म्हणणार, टेबलावर ठेवा. आयुष्यभर शेजारी नर्स उभी करून काम केलेला माणूस, मी मनात म्हणायचो, याला घरी घासही कोणी भरवत असेल.

शनिवारी सकाळी तो माझ्या शेडमध्ये आला. बगलेत बिस्किटांचा डबा आणि चेन लावलेली कातडी पिशवी होती. पिशवीत दातांची हत्यारं.

"डॉक्टर, इथं कोणाची दाढ काढायची नाहीये," मी म्हणालो.

"आरसा उपयोगी पडेल असं वाटलं. बाकी तुम्ही सांगाल तसं. मला यातलं काही कळत नाही."

असं मोकळेपणानं म्हणणारा माणूस समोर आला की मला यातलं सगळं कळतं असं मला वाटायला लागतं. तापासारखं ते अंगात चढतं आणि उतरायलाही तापाइतकाच वेळ लागतो.

ओमा रस्त्यापलीकडंच राहतात. त्या वॉकर ढकलत आल्या आणि शेडच्या सावलीत खुर्ची मागवून बसल्या. "मी काही बोलणार नाही," त्यांनी जाहीर केलं. "मला फक्त बघायचंय."

बॉनेट उघडलं. स्टेलिओसनं आपला छोटा गोल आरसा दांड्यानं आत सरकवला, तोही दोन्ही हातांनी धरून, कोपरं गाडीच्या काठावर रोवून. आरशात दिसलं ते असं: इंजिनाच्या डोक्यावर एक आडवी नळी, तिला खाली टोचलेले बोटाएवढे सहा इंजेक्टर. नळीतून त्यांना पेट्रोल मिळतं आणि ते इंजिनात फवारतात. प्रत्येकाला वर एक रबरी रिंग, खाली एक. वरची गेली की पेट्रोल बाहेर येतं, खालची गेली की हवा आत घुसते. आमच्याकडच्या बावीस उन्हाळ्यांत त्या रबराचा पार कोळसा झाला होता आणि तीन इंजेक्टरांच्या माना ओल्या दिसत होत्या.

"अहो, हे तर ठिबकच झालं," मी म्हणालो. "एक मोठा पाइप, त्याला सहा ड्रिपर, आणि वॉशर गेलेत. हे मी झोपेत करतो."

"पेट्रोलचा दाब आधी काढावा लागतो, असं कुठंतरी वाचल्यासारखं वाटतं," स्टेलिओस म्हणाला.

"बंद गाडीत कसला दाब, डॉक्टर? पंप बंद, पाणी बंद."

मी पाना लावला आणि नळीचा सांधा अर्धा फेरा ढिला केला. पेट्रोल सरळ माझ्या तोंडावर आलं. चष्म्यावर, नाकात, कानात आणि मी काहीतरी समजावून सांगत होतो म्हणून तोंडातही. मला दिसेनासं झालं. मग कोणीतरी मला खांद्याला धरून बाहेर ओढलं आणि डोक्यावर बागेतल्या नळाचं पाणी सोडलं.

"डोळे मिट. चोळू नकोस," स्टेलिओसचा आवाज आला. हा आवाज मी आधी ऐकला नव्हता. हजारो घाबरलेल्या लोकांना खुर्चीत बसवलेला आवाज होता तो. "आता तोंड उघड. चूळ भर. थुंक. पुन्हा भर."

सावलीतून ओमा म्हणाल्या, "आता मात्र खरंच प्यायलास."

कपडे बदलून आल्यावर मी सांधा पुन्हा आवळला, सांडलेलं पुसलं, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, किल्ली मारून इंजिन घरघरत बंद पडेपर्यंत फिरवलं आणि नळीतला दाब घालवला. मग बॅटरीची तार सोडली. या सगळ्या गोष्टी आधी करायच्या असतात.

पुढचं काम बरं झालं. इंजेक्टरांच्या विजेच्या तारांच्या क्लिपा काढताना दोन तुटल्या, पण त्या म्हाताऱ्याच झाल्या होत्या. नळीचे बोल्ट काढले, दोघांनी मिळून नळी हळूहळू हलवली आणि सहाही इंजेक्टर तिला लोंबत वर आले. खालची भोकं मी स्वच्छ फडक्यांनी बुजवली. स्टेलिओसनं पिशवीतून एक बारीक आकडा काढला आणि माझ्यापुढं धरला.

"रिंगा यानं सुटतील. तू काढ. मी आरसा धरतो."

बघा, मी मनात म्हणालो. हत्यार याचं आणि हात माझे.

जुन्या रिंगा आकड्यानं ढोसल्या की काचेसारख्या तडकत होत्या. सगळे तुकडे एका बशीत जमा झाले. स्टेलिओस म्हणाला, "नवीन ॲडलेडहून मागवाव्या लागतील. बुधवारपर्यंत येतील का?"

"मागवायच्या कशाला?" मी म्हणालो. "आमच्या दुकानात भिंतभर रिंगा आहेत."

मी एक इंजेक्टर खिशात घालून दुकानात गेलो आणि व्हर्नियर लावून मापं घेतली. वरची आणि खालची, दोन्ही मापं भिंतीवर होती. केसाचाही फरक नव्हता. परत येताना मी शीळ वाजवत होतो.

रिंगांना इंजिन ऑइलचं बोट लावलं आणि त्या अशा सुळकन बसल्या की जणू याच इंजेक्टरसाठी जन्मल्या होत्या. स्टेलिओसनं त्या न्याहाळल्या. "तुला रबरातलं बरंच कळतं."

"तीस वर्षं झाली," मी म्हणालो. जमेल तितक्या नम्रपणे म्हणालो, पण मला फारसं जमलं नाही.

सगळं परत जोडलं. किल्ली अर्धी फिरवून पंप चालू केला, आरसा फिरवला, सहाही माना कोरड्या. इंजिन एका दमात लागलं आणि मांजरासारखं गुरगुरायला लागलं. आम्ही बिस्किटं खाल्ली, फ्रिट्झ, म्हणजे इकडचे मांसाचे थंड काप, आणि सॉस घालून पाव खाल्ले, आणि मी स्टेलिओसला पाण्याचा दाब, पाइपचा व्यास आणि माणसाचा आत्मविश्वास यांच्यावर बरंच काही सांगितलं. तो ऐकत होता. ओमांनी तेवढ्यात डुलकी काढली.

संध्याकाळी रॉझलिनचा फोन. "झालं?"

"कधीच."

"खरंच?"

ते 'खरंच' मी रविवारपासून बुधवारपर्यंत पुरवून पुरवून वापरलं.

गुरुवारी निघालो तर पहिल्याच वळणावर ओमा म्हणाल्या, "वास येतोय."

"तो तुमच्या मनात बसलाय आता."

"माझ्या मनात बरंच काही बसलंय, लाइल, पण त्याला वास येत नाही."

मी चारही काचा खाली केल्या आणि त्यांना संत्र्यांच्या बागांची हवा दाखवली. हॉलपाशी पोचल्यावर गाडी मागच्या स्वयंपाकघराच्या दाराला अगदी खेटून लावली. ओमांना चालायला नको आणि गाडीला सावली.

आत डाव रंगले. मी पत्ते खेळत नव्हतो. मागं चहा घेत हिल्डाच्या नवऱ्याला सांगत होतो, की आजकाल लोक एवढ्यातेवढ्यासाठी गॅरेज गाठतात, हात वापरायची सवयच गेली. खालच्या रिंगेचं महत्त्व त्याला पटत आलं होतं, एवढ्यात स्वयंपाकघरातून एक बाई कप पुसत बाहेर आल्या.

"ती निळसर गाडी कोणाची? खाली ठिबकतंय. आणि माझा गॅस चालू आहे."

त्यांनी गॅस बंद केला, कोणीतरी आगीच्या बंबाला फोन केला, आणि हॉलमधली सगळी म्हातारी मंडळी वॉकर, काठ्या आणि एका चाकाच्या खुर्चीसकट पलीकडच्या मैदानात जाऊन उभी राहिली. ओमा निघायला तयार नव्हत्या, कारण त्यांच्या हातात चांगली पानं होती. शेवटी पानं बरोबर घेऊन त्या बाहेर आल्या आणि उन्हात हिल्डाला बजावत राहिल्या, की डाव मोडलेला नाही, थांबलेला आहे.

आगीचे स्वयंसेवक आले. त्यांचा प्रमुख गार्थ नोस्के, बदामांचा बागायतदार आणि आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं गाडीखालच्या डबक्यावर फेस मारला, बॅटरीची तार सोडली, बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"लाइल, या रिंगा कुठल्या?"

"दुकानातल्या."

"पाण्याच्या?"

मी फेसाकडं बघायला लागलो.

"मागच्या साली मी डिझेल पंपाला असल्याच रिंगा मागायला आलो होतो," गार्थ म्हणाला. तो हळू बोलायचा प्रयत्न करत होता, पण पाऊणशे माणसं ऐकायला थांबली होती आणि बहिरी असलेल्यांना बाकीचे सांगत होते. "तू दिल्या नाहीस. काउंटरवर टेकून मला भाषण दिलंस. हे रबर पाण्यासाठी आहे, तेल लागलं की फुगतं, मग फाटतं. माझे दोन ट्रक उन्हात उभे होते, तरी तू थांबला नव्हतास. तिथं भिंतीवर पाटीसुद्धा आहे."

"कसली पाटी?" ओमांनी विचारलं.

"इंधनासाठी वापरू नये," गार्थ म्हणाला.

"कोणी लावली?"

"मी लावली, ओमा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पत्त्यांत बघितलं. त्या दिवशी माझ्याबद्दल कोणी काही वाईट बोललं नाही. मंडळी भली आहेत. फक्त जाताना एकेक जण माझ्या खांद्यावर थोपटून गेला, आणि हे थोपटणं मयताच्या घरी थोपटतात त्या प्रकारचं होतं.

गाडी गार्थच्या ट्रॅक्टरनं ओढून माझ्या शेडमध्ये आली. मागोमाग रॉझलिन आली. ती चिडेल म्हणून मी तयारीत होतो. ती इंजिनाकडं बघत उभी राहिली, मग माझ्याकडं बघितलं, आणि हसत हसत भिंतीला टेकली.

"इतकी वर्षं जेवताना मी तेच ऐकत होते," तिला धड बोलता येत नव्हतं. "कुठलं रबर कशाला चालतं. मुलांना पाठ होतं रे ते."

चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या रॉझलिनची मला सवय आहे.

दुसऱ्या दिवशी मी ॲडलेडच्या सुट्या भागांच्या दुकानाला फोन लावला. तिकडच्या माणसानं विचारलं, "जुन्या रिंगा खराब झाल्यात का?"

"नाही," मी म्हणालो, "आधी कोणीतरी भलत्याच लावून ठेवल्या होत्या. काय लोक असतात."

फोन ठेवून वळलो तर दारात स्टेलिओस उभा होता, बगलेत बिस्किटांचा डबा. त्यानं ऐकलं होतं हे उघड होतं. "चहा करतोस का?" एवढंच तो म्हणाला.

रिंगा आल्या त्या दिवशी आम्ही पुन्हा गाडीपाशी उभे राहिलो. पहिल्यांदा फ्यूज काढला. मग बॅटरीची तार. नळीच्या सांध्याला फडकं गुंडाळून मग पाना लावला आणि दोघांनीही तोंडं मिटून ठेवली. ओमा आपल्या खुर्चीत होत्या. त्यांनी निषेध म्हणून विणकाम आणलं होतं.

नळी उचलली. माझ्या लाडक्या रिंगा पाण्यात टाकलेल्या मनुक्यांसारख्या टम्म फुगल्या होत्या, बोटाला बुळबुळीत लागत होत्या. पाच इंजेक्टर निघाले. राहिलेला, रांगेतला चौथा, ओढताना खाली काहीतरी फाटल्याचं जाणवलं. वर आला तो अर्धी रिंग घेऊन. उरलेली अर्धी खाली भोकाच्या कडेला अडकून लोंबत होती, आणि भोकाच्या खाली सरळ इंजिन.

"आत पडली तर?" स्टेलिओसनं विचारलं.

"तर इंजिनाचं डोकं उतरवावं लागेल. मग मात्र गॅरेज." मी त्याच्या पिशवीतला लांब, वाकड्या टोकाचा चिमटा काढून त्याच्यापुढं धरला. "डॉक्टर, हे तुझं काम. अक्कलदाढेच्या मागचं काढायची सवय तुला."

त्यानं चिमटा घेतला नाही. ओमांकडं एकदा बघितलं. त्या टाके मोजत होत्या. मग त्यानं उजवा हात माझ्यापुढं हवेत धरला, पंजा उपडा. हात थरथरत होता. बारीक, सारखा, आत कुणी छोटी मोटर बसवून बटण चालूच ठेवल्यासारखा.

"म्हणून दवाखाना बंद केला," तो म्हणाला. "लोकांना वाटतं मजेत निवृत्ती घेतली. मीही तसंच वाटू दिलं. रॉझलिनला माहीत आहे, आता तुला."

मला एकापाठोपाठ एक आठवत गेलं: मैदानावरचं बोट, भाजताना दुसऱ्याला दिलेला चिमटा, टेबलावर ठेवायला सांगितलेला कप, कोपरं रोवून धरलेला आरसा. भर सभेत मी ते सगळं सांगितलं नव्हतं, पण काउंटरवर निम्म्या गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, आणि चहाचा कप कसा नाकारतो त्याची नक्कल मला फार छान जमते असं माझं मत होतं. मी चिमटा स्वतःच्याच हातात नीट धरला.

"मग तू सांग," मी म्हणालो. "मी करतो."

त्यानं कोपरं टेकवून आरसा आत धरला. आरसाही किंचित हलत होता, पण दिसत होतं.

"मनगट टेकव. हवेत नको. हं, तिथं. आता चिमटा आत जाऊ दे, पण उघडू नकोस."

"माझी बोटं जाड आहेत."

"बोटांचं काम नाही, मनगटाचं आहे. श्वास सोड. सोडताना हात स्थिर असतो. आता उघड. थोडा डावीकडं. तुझ्या डावीकडं नाही, आरशातल्या."

घाम माझ्या नाकावरून खाली येत होता आणि भोकात पडेल अशी मला भीती वाटत होती. "निसटली तर?"

"निसटणार नाही."

"निसटू शकते."

"शकते. पण तसं पेशंटला सांगायचं नसतं. धर. धरलीस? आता ओढू नकोस, फक्त वर ये."

मी वर आलो. चिमट्याच्या टोकाला काळं, फुगलेलं रबर होतं, अर्ध्या रिंगेएवढं. आम्ही ते दुसऱ्या अर्ध्याला बशीत जोडून बघितलं. पूर्ण होतं. स्टेलिओसनं लांब श्वास सोडला आणि म्हणाला, "छान. चूळ भर."

मी हसायला लागलो, मग तोही. ओमांनी विणकामातून वर बघितलं आणि आमच्यात हसण्यासारखं काही दिसेना म्हणून पुन्हा खाली बघितलं.

नव्या रिंगा तपकिरी होत्या, पेट्रोलसाठीच बनवलेल्या. तसं पाकिटावर लिहिलं होतं आणि ते मी मोठ्यानं वाचलं. प्रत्येकीला ऑइल लावून बसवली. घाई केली नाही. सगळं जोडल्यावर प्रत्येक इंजेक्टरच्या मानेभोवती टिश्यू पेपर गुंडाळला, पंप चालू करून वाट बघितली. कागद कोरडे. इंजिन लावून, तापवून, बंद करून पुन्हा बघितलं. कागद कोरडे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जाण्याआधी बघितलं आणि दुकानातून आल्यावर पुन्हा. दुकानात मला बरंच काही ऐकावं लागलं होतं, कारण कोणीतरी पाटीखाली खडूनं लिहून ठेवलं होतं, 'विशेषतः लाइलनं.'

ओमांचा अजून विश्वास नव्हता. "आधी डॉक्टरला फिरवून आण," त्या म्हणाल्या. "त्याला काही झालं तर लोक विचारतील तरी."

मी स्टेलिओसला नदीपर्यंत नेऊन आणलं. तो उतरल्यावर ओमांनी त्याला वाकायला लावलं, त्याच्या शर्टाचा वास घेतला आणि मग मान्य केलं.

गुरुवारी आम्ही तिघं निघालो. स्टेलिओस मागं बसला होता, कारण रॉझलिननं त्याला पाठवलं होतं, आणि कशाला ते मी या वेळी विचारलं नाही. गाडी मी हॉलपासून चांगली लांब, मोकळ्या मैदानात लावली. ओमा चालताना कुरकुरल्या, पण मागं वळून गाडीखालची जमीन बघूनच पुढं गेल्या.

आत एका टेबलावर दोन माणसं कमी होती. हिल्डानं आम्हा दोघांना भिडू म्हणून बसायला सांगितलं, विरुद्ध ती आणि ओमा. स्टेलिओस उभाच राहिला. "मला पत्त्यांतलं फारसं येत नाही," तो म्हणाला. हात त्यानं खिशात घातले होते.

तिथं बहुतेकांसमोर लाकडी पट्ट्या असतात, लांब खाच पाडलेल्या, पानं उभी खोचून ठेवायला. सांधे आखडलेल्यांसाठी कोणीतरी त्या करून दिल्या आहेत. ओमांनी बाजूच्या कपाटातून एक पट्टी काढली आणि स्टेलिओसच्या जागेसमोर ठेवली, त्याच्याकडं न बघता.

"यात लाव," त्या म्हणाल्या. "माझी बोटं दुखतात, हिल्डाची वळत नाहीत, तुझं काय असेल ते असेल. बस."

मी ओमांना काहीही सांगितलं नव्हतं. स्टेलिओसनं माझ्याकडं बघितलं तेव्हा मी नकारार्थी मान हलवून तसं कळवलं. तो बसला. पानं एकेक करून खाचेत लावली. दोन खाली पडली, ती हिल्डानं उचलून दिली आणि डोळे मिटून दिली, म्हणजे पानं दिसली असं कोणी म्हणायला नको.

पहिल्या डावाला माझ्या हातात हुकमाचा राजा, राणी आणि दश्शी आली. शिवाय हुकमाबाहेरचा एक एक्का. मला बरं वाटायला लागलं. "एकट्यानं घेतो," मी म्हणालो. मग भिडूला आपली पानं पालथी घालावी लागतात. स्टेलिओसनं ती पट्टीतून काढून पालथी घातली.

युकरमध्ये हुकमाचा गुलाम सगळ्यांत मोठा आणि त्याच लाल किंवा काळ्या रंगाचा दुसरा गुलाम त्याच्या खालोखाल. हे माहीत असूनही, ते दोघं कुठं असतील असा विचार मी केला नव्हता. दोन्ही ओमांकडं होते. हुकमाची नव्वी हिल्डाकडं निघाली आणि तिनं ती टाकून माझा बाहेरचा एक्का कापला. पाचांतले तीन हात त्यांचे झाले आणि माझा डाव गेला.

मी स्टेलिओसची पानं उलटून बघितली. त्यात हुकमाचा एक्का होता. त्याला बरोबर घेतलं असतं तर डाव आरामात निघाला असता.

"तू बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"पत्त्यांत बोलायचं नसतं ना?"

"नसतं," ओमा म्हणाल्या. "पण भिडूला घ्यायचं असतं." आणि गड्डी माझ्यापुढं सरकवली. "वाट आता."